कोपऱ्यातली घोळ

“त्या कोपऱ्यातलं नको घालू, पोरी. कोंबड्या मरतेल,” आवडाबाई म्हणाली आणि सावनीच्या हातातली जुडी तिनं काढून घेतली.

सावनीनं जुडीकडं पाहिलं. तांबूस देठ, बारीक मांसल पानं. “मावशी, ही घोळ आहे. माहेरी फुलंब्रीला आमच्या कोंबड्या हीच खायच्या.”

“घोळीवानी दिसती. घोळ नाय.”

आवडाबाई खोटं बोलतेय, हे सावनीला तिथंच कळलं. का, ते कळलं नाही.

देवळाईच्या पुढच्या नव्या प्लॉटिंगमध्ये सावनी आणि तिच्या नवऱ्यानं, हिमांशूनं, घर बांधलं, त्या साली पैठणच्या धरणात नुसता गाळ उरला होता. टँकर आला तर आला. दोघांनी घेतलेला बोअर कोरडा गेला होता. सावनीनं माहेराहून थोड्या गावरान कोंबड्या आणल्या, पण त्यांना हिरवं काय घालायचं हा रोजचा प्रश्न होता. भांड्यांच्या पाण्यावर परसात तण यायचं तेवढंच.

ही जमीन एके काळी आवडाबाईची होती. आता म्हातारी मागच्या गल्लीत एका खोलीत एकटीच राहायची. रोज सकाळी फाटक ढकलून आत यायची आणि तण खुडायला बसायची. सावनीला सोबत बरी वाटायची. केना घाल, तांदुळजा घाल, पाथरी घाल. गाजरगवताला हात लावू नको. धोतरा मुळासकट उपट. सगळं अगदी बरोबर सांगायची. खोटं फक्त त्या एका कोपऱ्याबद्दल, आणि सगळ्यात हिरवं तिथंच होतं. आजूबाजूला भेगा पडल्या होत्या, तिथं मात्र घोळ माजली होती.

एखादी कोंबडी तिकडं वळली की आवडाबाई काठी घेऊन धावायची. तिथं पायानं उकरलेलं तिला खपायचं नाही. पुढं तिनं बाभळीच्या काट्या आणून कोपरा बंदच करून टाकला.

एकदा सावनी धुणं वाळत घालायला मागं आली. आवडाबाई काट्यांपाशी पाठमोरी बसली होती. जमिनीकडं वाकून हळू आवाजात बोलत होती.

“डाळ केली व्हती आज. लसूण घालून. तुला आवडती तशी.”

सावनीच्या हातातला ओला टॉवेल खाली पडला. त्यानंतर ती त्या बाजूला एकटी जाईनाशी झाली. स्वयंपाकघराची मागची खिडकीही तिनं लावून घेतली.

शेवटी तिनं समोरच्या किराणा दुकानातल्या हसीनाला आवडाबाईबद्दल विचारलं. हसीना या भागात पहिल्यापासूनची. तिनं आधी दुकानात दुसरं कुणी नाही ना, हे पाहिलं.

“तुमको किसीने नहीं बताया? तिचा पोरगा आहे तिथं. कचरू.”

“तिथं म्हणजे?”

“तुमच्या परसात आड होता. जमीन विकायची नाही म्हणून कचरू बापाशी भांडला. सकाळी आडाच्या काठावर चपला सापडल्या, पोरगा नाही. कुणीतरी खाली उतरून बघा, म्हणून ही रडत होती. सौदा मोडेल म्हणून बापानं उतरू दिलं नाही. पुण्याला पळाला असेल, येईल, म्हणाला. दुपारी प्लॉटिंगवाल्यानं मुरूम टाकून आड बुजवला. तो बापही गेला आता.”

हिमांशू कंपनीतून आला तेव्हा सावनी ओट्यावर बसून होती. तिनं सगळं सांगितलं.

“आड होता म्हणजे खाली पाणी असणार,” तो म्हणाला.

“तुला पाणी सुचतंय? खाली माणूस आहे!”

“म्हणूनच म्हणतोय. त्याला असंच ठेवून इथं राहायचं का आपण?”

दुसऱ्या दिवशी सावनीनं आवडाबाईला कचरूचं विचारलं आणि आड पुन्हा खोदू का, म्हणाली. म्हातारीच्या ओटीत केना होता. तो तिनं खाली ठेवला.

“समद्यायच्या पाया पडले मी. कुणी खोदलं नाय. वर तुमच्या कोंबड्या उकराया लागल्या, ते बघवंना, म्हणून खोटं बोलले.” तिनं डोळे पुसले. “खोदा. लेकराला अग्नी तरी देते.”

पुंजाराम नावाच्या विहीर खोदणाऱ्याला बोलावलं. काम सुरू झालं तसं आवडाबाई नवं पांढरं कापड मांडीवर घेऊन काठावर येऊन बसू लागली. मुरमाचं प्रत्येक घमेलं वर आलं की ती हातानं चाळायची. ढेकूळ फोडून बघायची. खालची माणसं जपून कुदळ मारायची. काम चालू असेपर्यंत गल्लीत कुणी मोठ्यानं बोलायचं नाही.

एके दुपारी पुंजाराम वर आला. अंगभर चिखल होता.

“तळ लागला, साहेब. सारा खडक हातानं चाचपला. हाड नाय, कापड नाय. एक फुटका पोहरा निघाला तेवढा.” मग त्याला हसू आवरेना. “आन् कपारीतून पाणी सुटलंय!”

लोक काठावर धावले. हसीनानं दुव्यासाठी हात उचलले. कुणीतरी साखर वाटायला घेतली.

सावनीनं जाऊन आवडाबाईला मिठीच मारली. “मावशी, कचरू इथं नव्हताच! तो मेला नाही, मावशी. जिवंत आहे कुठंतरी!”

आवडाबाईनं मांडीवरच्या कापडाची घडी घातली. ती मोडली, पुन्हा घातली. तिनं सावनीकडं पाहिलंच नाही.

“मेला म्हणून येत नव्हता गं तो,” ती म्हणाली. “आता कशामुळं येत नाय?”