चौकातली आई

"लाल माणूस दिसला की काय करायचं, चिमे?"

"पळायचं."

"आणि या पांढऱ्या पट्ट्यांवर?"

"बसायचं."

चौकाच्या कडेला उभ्या असलेल्या रंगनाथनं पुठ्ठ्याच्या पाट्या खाली ठेवल्या आणि कपाळावर हात मारला. त्यांच्या गावात लहान मूल जवळ आलं की रस्त्यावरची पाटी त्याच्या आईच्या आवाजात बोलायची. मूल नुसत्या चित्रांवरून खुणा ओळखू लागलं, शाळेतल्या बाईंच्या परीक्षेत पास झालं, की त्याच्यापुरता तो आवाज कायमचा पुसला जायचा. रंगनाथची बायको, चिमीची आई सुमेधा, कीर्तनं करायची. लेकीसाठी तिनं पाट्यांमध्ये आपला आवाज भरून ठेवला आणि चैत्रात ती गेली.

तेवढ्यात शेजारची परी चेंडूमागे रस्त्याकडे धावली.

"परे, थांब! लाल माणूस आहे ना!" चिमी किंचाळली आणि तिनं परीचा फ्रॉक धरून तिला मागं ओढलं.

रंगनाथ बघतच राहिला. "लबाडे, तुला तर सगळं येतंय!"

चिमीचे डोळे भरून आले. "बाबा, बाईंना नका ना सांगू. ओळखता आलं की आई बंद होते."

बाई समोरून येतच होत्या. "काय हो, झाली का तयारी? घ्यायची परीक्षा?"

डोक्यावरची पाटी कीर्तनातल्यासारखा हेल काढून बोलली, "थांब गं माझ्या सोन्या, गाडी जाऊ दे."

रंगनाथनं डोळे मिटून ते शेवटच्या अक्षरापर्यंत ऐकलं.

"नको बाई," तो म्हणाला, "आमच्या घरात अजून कुणालाच काही येत नाही."