वेणूचा ससा

मानमोडीच्या साथीत नऊ वर्षांची वेणू गेली आणि लोणावळ्याच्या रेल्वे चाळीतल्या त्या घरात तिचा ससा तेवढा मागे राहिला. तो गवताला तोंड लावीना. वेणूच्या आईने, अरुंधतीबाईंनी, कोथिंबीर ठेवली तर तीही सुकून गेली.

एके दिवशी त्याने वेणूची रिबीन खाल्ली.

"पोरीची आठवण येत असेल त्याला," वडील त्र्यंबकराव म्हणाले.

त्या संध्याकाळी वेणूचे केस कुरळे होते की सरळ, हे अरुंधतीबाईंना काही केल्या आठवेना.

मग त्याने तिची कवितांची वही फस्त केली. तिचा आवाज दोघांच्याही मनातून गेला.

अरुंधतीबाईंनी उरलेले सगळे पेटीत घालून कुलूप लावले. त्र्यंबकरावांनी ससा टोपलीत घालून वलवणच्या धरणापलीकडे सोडला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो स्वयंपाकघरात बसलेला होता. कुलूप तसेच होते, पण पेटीत नुसत्या चिंध्या होत्या. परकराच्या एका तुकड्यावर अरुंधतीबाईंनीच कधीतरी दोऱ्याने भरलेले 'वेणू' हे नाव तेवढे शाबूत होते. त्यांनी तो तुकडा छातीशी धरला. सशाने तो हळूच ओढून घेतला आणि त्यांच्यासमोरच खाऊन टाकला.

त्र्यंबकराव कामावरून आले तेव्हा त्या रडत होत्या.

"अगं, काय झालं?"

"कळत नाही हो. हा ससा कुणाचा?"

"आपल्याला ना मूल ना बाळ. तूच आणला असशील."

ससा आता अरुंधतीबाईंच्या पदराचा काठ चावू लागला होता.