मोहाखालचा मुक्काम

"काही करा, पण शहरावर येऊ देऊ नका," एवढंच सांगून साहेब निघून गेले.

विमल उसेंडीने उपग्रहाचं चित्र मोठं केलं. चैतातल्या वणव्यांच्या धुराचा करडा पट्टा पश्चिमेला, शहराकडे सरकत होता. वाऱ्याचे मनोरे उभे राहिल्यापासून धूर हवा तिकडे वळवता यायचा, पण नाहीसा करता यायचा नाही. कुठेतरी तो उतरवावाच लागे.

यंत्राने सुचवलेल्या वाटेवर विमलचं माहेर होतं, कोसमटोला. तिने कुणाला न विचारता पट्टा जरासा सरकवला आणि गावामागच्या जंगलावर सोडला. नकाशात तिथे 'निर्जन' असं लिहिलेलं होतं.

जेवणाच्या सुट्टीत तिने समाधानाने आईला फोन लावला.

"माय, काळजी नको करू. धूर गावावर येत नाही. मी पाहिलंय."

"गावात हाय कोण?" माय हसली. "मोहफुलं पडाले लागली ना! अख्खं गाव वेचाले जंगलात आलं, लेकराबाळांसकट. झाडाखालीच मुक्काम हाय."

विमलच्या हातातला घास तसाच राहिला. लहानपणी दर चैतात तीही त्याच झाडांखाली निजायची. हे ती विसरलीच कशी?

"माय, सगळ्यांना घेऊन गावात जा! आत्ताच्या आत्ता!"

"अवं, पण भरदुपारी इकडं अंधार कसा…" माय खोकू लागली. मागे लेकरं खोकत होती. मग फोन बंद पडला.

सोडलेला धूर माघारी बोलावता येत नसे. पडद्यावर रिकाम्या कोसमटोल्याचं आभाळ निळंशार दिसत होतं.