तीन टीव्ही आणि एक नाच

ग्वायाकिलमधल्या एरिबेर्तोच्या दुकानात टीव्ही निवडायची एक रीत होती. "फुटबॉल काय, सगळ्यांवर छानच दिसतो, एल्विराबाई. घरची कॅसेट आणा, मग खरं कळेल."

मी माझ्या लेकीच्या, नेलिदाच्या पंधराव्या वाढदिवसाची कॅसेट नेली. माझे यजमान आन्सेल्मो जाऊन नऊ वर्षं झाली होती. लेकीबरोबरचा त्यांचा तो नाच मला पुन्हा नीट बघायचा होता. नेलिदाही सोबत आली होती, आता अठ्ठेचाळीस वर्षांची.

एरिबेर्तोने ती कॅसेट तीन टीव्हींवर एकदमच लावली. जुन्या पिक्चर ट्यूबवर रंग फुटत होते, पण आन्सेल्मो हसत होते आणि मी शिवलेल्या गुलाबी झग्यात नेलिदा गिरक्या घेत होती.

"बाबांचे बूट तुडवून तुडवून खराब केले मी," नेलिदा हसली.

शेजारच्या एलसीडीवर आन्सेल्मोंच्या मिशीचा केसन् केस दिसत होता. नेलिदा मात्र धुरकट होती. तिच्यातून मागचा केक दिसत होता.

"बिघडलेला माल माझ्या गळ्यात मारतोस होय रे?"

"छे हो! आता हा ओएलईडी बघा. यात जे आहे तेवढंच दिसतं."

त्यावर आन्सेल्मो एकटेच नाचत होते. एक हात हवेत, दुसरा कुणाच्या तरी कमरेच्या उंचीवर. पाहुणे टाळ्या वाजवत होते.

नेलिदाने माझं मनगट गच्च धरलं.

"आई, मी कुठे आहे?"

मी खाली पाहिलं. मनगटावर बोटं नव्हती. कातडीवर फक्त चार खळगे पडले होते, आणि ते अजून खोल होत होते.