कुसगावचा गुण

पंचाचा हात डावीकडं वर गेला आणि कैलासनं प्लास्टिकची खुर्ची उचलली.

कबड्डीच्या अंतिम सामन्याची शेवटची चढाई होती. गुण बरोबरीत होते. कुसगावचा निलेश खंडाळ्याच्या चौघांखाली दबला होता. त्याची बोटं मध्यरेषेला टेकली की नाही, हे वाकून पाहिलं फक्त पंचानं. कैलास नुकताच आत आला होता. मध्यंतरापासून तो बाहेर ढोलापुढं नाचत होता. त्याला काही पाहायची गरजही नव्हती. खंडाळा डावीकडं, कुसगाव उजवीकडं, एवढं ज्ञान त्याला पुरत होतं. आयुष्यात एक चढाई त्यानं केली नव्हती. छातीवर मात्र संघाचं नाव गोंदून घेतलं होतं.

त्यानं खुर्ची पंचाच्या पाठीत घातली. मागून वीसजण धावले. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. कैलास धावला म्हणून धावले. मेंढरं निदान चाऱ्याकडं तरी धावतात.

पंच होते सखारामभाऊ. रेल्वेतून निवृत्त झालेले, तीस वर्षं मावळातल्या मैदानांवर फुकट शिट्टी वाजवणारे. पहिला फटका बसला तरी त्यांनी हात खाली घेतला नाही. गुण लिहून होईस्तोवर हात वर ठेवायचा, हे त्यांच्या अंगात मुरलं होतं. दुसऱ्या फटक्यात तोच हात कोपरात मोडला. म्हातारा मातीत पडल्यावरही लाथा चालू होत्या. लाथा घालणाऱ्यांतले दोघं मोबाइलवर आपलंच शूटिंग करत होते.

संध्याकाळी पोलीस चौकीत कैलास बाकावर ऐसपैस बसला होता. गाव आपल्याला हार घालणार, अशी त्याची खात्री होती. निलेश आला. त्याच्या अंगावरची माती तशीच होती.

"तुझ्यासाठी केलं," कैलास म्हणाला. "आपला गुण चोरत होता त्यो."

निलेश बाकासमोर उभाच राहिला.

"मध्यंतरानंतर बाजू बदलत्यात, कैलास. डावीकडं आमी होतो. भाऊंनी गुण आपल्याला दिलता. आपण जिंकलोवतो. आता स्पर्धेच्या समितीनं संघच बाद केलाय. भाऊंचा हात सरळ व्हनार न्हाई म्हनत्यात डॉक्टर."

कैलासची मान खाली गेली. क्षणभर वाटलं, आत कुठंतरी काहीतरी हललं.

"मग म्हाताऱ्यानं तोंडानं सांगायचं न्हाई व्हय?" तो म्हणाला.