खंबा ला
सिंगापूरच्या बिशान भागातल्या फ्लॅटमध्ये उल्काचा कडक नियम होता: वाक्याच्या शेपटीला तिथल्या इंग्रजीतला 'ला' लागला, की ते वाक्य मराठीत पुन्हा म्हणायचं. तिच्या दहा वर्षांच्या लेकीने, श्रियाने, मग घरात बोलणंच कमी केलं होतं. २००७च्या जूनच्या सुट्टीत तिघं तिबेटला गेली. नवरा सायकलवर, मायलेकी गाडीत. घाटमाथ्यावर गाडी थांबली, तेव्हा ड्रायव्हर म्हणाला, "खंबा ला." तिबेटीत ला म्हणजे खिंड. श्रिया कितीतरी दिवसांनी खुदकन हसली. "लुक, माउंटन ऑल्सो से ला. यू गो स्कोल्ड इट ला." उल्का तिला रागवायला वळली आणि जागीच थबकली. खाली दरीभर ब्रह्मपुत्रा सोडलेल्या वेणीसारखी पसरली होती, पलीकडे बर्फाची शिखरं, आणि एका वळणावर नवऱ्याची सायकल मुंगीएवढी. तेवढ्यात तिची बाही ओढली गेली. "आई," श्रिया कुजबुजली, "बघ ना."