तिसऱ्या फाटकापाशी मुक्काम

"आई, जरा दमानं!" सून मागून ओरडली, पण सासूबाईंची सायकल तोवर पुढच्या वळणाआड गेलीही होती.

कालव्याकाठची वाट अरुंद. एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला लव्हाळे. सकाळपासून दोघी पेडल मारत होत्या. सासूबाईंची साठी केव्हाच उलटली होती, सायकलच्या दोन्ही बाजूंच्या पिशव्या टम्म फुगल्या होत्या, तरी बाई सुसाट. सुनेच्या पाठीवर नुसता तंबू, आणि जीव मेटाकुटीला आलेला. दर महिन्याला सासूबाई या वाटेनं एकट्याच यायच्या. या खेपेला त्यांनी सुनेलाही ओढून आणलं होतं.

सुनेनं लगेच हो म्हटलं, त्याला कारण होतं. ती पुलांची आखणी करायची. समुद्रापलीकडच्या एका मोठ्या पुलाचं काम ऑफिसनं तिला देऊ केलं होतं. तीन वर्षं तिकडेच राहायचं, आणि परवा सोमवारी उत्तर द्यायचं. पण नवरा वारल्यापासून घरात या दोघीच. तेव्हा याच बाईनं स्वतःचं दुःख गिळून तिला उभं केलं होतं. आता त्यांना एकटं टाकून जायचं, हे सांगायचं तरी कुठल्या तोंडानं? या वाटेवर कुठेतरी धीर होईल, असं तिला वाटलं होतं.

दुपारी एका झाडाखाली त्यांनी पाव आणि उकडलेली अंडी काढली. ऊन सौम्य होतं, पाण्यावर बदकं होती. सगळं कसं छान चाललं होतं.

"आई, तुम्हाला एकटं राहायला आवडेल का हो?" सुनेनं आडून विचारलं.

सासूबाईंचा घास हातातच राहिला. "का गं? असं का विचारतेस?"

"सहजच."

"मला नाही बाई आवडायचं. तुला?"

"छे! मलाही नाही."

मग दोघींनी उरलेला पाव बदकांना टाकला.

उन्हं कलताना कालव्यावरचं तिसरं फाटक आलं. बोटी वरच्या पाण्यात चढवायच्या म्हणजे आधी ही भलीमोठी फाटकं मिटायची, मग पाणी भरायचं. ते काम करणारे फाटकवाले हात पुसत पुढे आले. पांढऱ्या मिशांचे, धिप्पाड गृहस्थ. त्यांचा कुत्रा सुनेवर भुंकला आणि सासूबाईंच्या पायाशी लोळला.

"माझं नेहमीचं गिऱ्हाईक आहे हा," सासूबाई म्हणाल्या. "बिस्किटं आणते ना."

फाटकवाल्यांनी काठावरची सपाट जागा दाखवली आणि ते चहा टाकायला आत गेले.

तंबूची शेवटची मेख ठोकता ठोकता सुनेनं ठरवून टाकलं. नाही जायचं. पूल काय, दुसरे होतील. डोक्यावरचं ओझं उतरलं.

"आई, मला एक सांगायचंय."

"थांब. आधी मी सांगते, नाहीतर माझा धीर सुटेल." सासूबाईंनी तिचा हात धरला. "पुढच्या आठवड्यात मी आणि फाटकवाले लग्न करतोय. तुझ्या काळजीपोटी वर्षभर अडवून धरलं होतं गं त्यांना. राहशील ना तू एकटी?"